दोन वीत नळी

एंटायसर फैजपूरच्या एका मास्तरांकडून घेतली.
नऊ हजार. दोन्ही टायर बसलेले,
टाकीत पेट्रोलच्या जागी कुंभारमाशीचं घर.
मास्तर म्हणाले, कागद सगळे आहेत,
चावी तेवढी सापडत नाही.

सावद्याला आणली ती टेम्पोत आडवी घालून.
पडवीत उभी केली, जिथे बाज असायची.
बाज गच्चीवर गेली,
बाजेपाठोपाठ आम्हीही.

मला हँडल उंच हवं होतं.
इतकं उंच की धरलं तर
घड उतरवायला हात वर केलेत असं वाटावं.
टायर कंपनीच्या एका कॅलेंडरवर तसा माणूस होता,
वाळवंटातून चाललेला, दाढी मागे उडत.
केळी ग्रुपच्या ऑफिसात ते कॅलेंडर
सात वर्षं मार्चवरच थांबलेलं,
आणि त्याच्याखाली बसून मी वजनं लिहायचो,
गाडी नंबर, घड, दांड्याची घट.

गुलशेर तडवी रावेर रोडला ट्रॉल्या जोडतो.
त्यानं आधी मला पाहिलं, मग गाडीला.
"बस बरं." बसलो.
"हात वर कर."
डावा गेला. उजवा कानापर्यंत आला
आणि तिथंच घोटाळत राहिला.
डॉक्टर म्हणतात खांदा गोठलाय, मी म्हणालो.
"छेचाळीस डिगरीमंधी?"
हसता हसता त्याचा चष्मा पडला.

तरी नळी वाकवलीच.
इंची पाइप, आत रेती ठासून,
दोन्ही तोंडांना लाकडी बुचं,
कोळशावर लाल करून
बैलगाडीच्या जुन्या धावेला लावून ओढत आणली गोलाईत.
दोन शिंगं आली, एखाद्या नेमाडी बैलाची असावीत तशी.

दहा मिनिटं धरून बसलो पडवीत.
बोटांना मुंग्या. मग बोटंच नाहीत.

पहिल्या रविवारी दोन बोटं कापली.
दुसऱ्या रविवारी चार.
तिसऱ्या रविवारी गुलशेरनं टेप आणलाच नाही.
"तू नुसता बस. डोळे मीट.
हात जिथं पडतील तिथं मी खूण करतो."

दरम्यान रंगाचं.
मे महिन्यात फवारा टाकीपर्यंत पोचेस्तोवर वाळतो,
टाकीला कारल्याची कातडी येते.
दोनदा घासून काढली.
शेवटी पहाटे चारला, लाइट आल्या आल्या,
विमल बॅटरी धरून उभी, तोंडाला ओढणी.
रंग तिनं निवडलेला. बामणोदच्या भरताच्या वांग्याचा.
दुकानदाराला म्हणाली होती,
देठाजवळचा नको, खालचा,
जिथं हिरव्यात पांढरं शिरतं तो.
वांग्याचा मोसम नव्हता, सगळं आठवणीवर.
त्यानं चार डबे मिसळले
आणि पाचव्यांदा ती म्हणाली, हं.

तिची मागणी एकच होती:
"मले टेकाले कायतरी पाह्यजे."
तर लोखंडी पलंगाची उशाकडची कमान
मागच्या सीटला जोडली,
रज्जाक पिंजाऱ्यानं तिला कापसाची गादी शिवली.
आता ती संध्याकाळी तिथं बसून शेंगा सोलते,
गाडी स्टँडवर,
टरफलं सायलेन्सरवर.

हँडल शेवटी जिथं थांबलं
ती उंची मला कुठंतरी पाहिलेली वाटली.
सोमवारी ऑफिसात कोपरं टेकली तेव्हा कळलं:
वजनाची वही असते तेवढी.
गुलशेरला सांगितलं नाही.

पहिली फेरी रेल्वे फाटकापर्यंत.
फाटक बंद होतं. केळीची वॅगन लागत होती,
हमाल पाहत राहिले, एकानं विचारलं,
कंपनीतूनच अशी आली काय?
मी हो म्हणालो. का म्हणालो माहीत नाही.
पालचा घाट पुढच्या आठवड्यात, खांदा म्हणेल तसं.

कापलेले तुकडे कोपऱ्यात पडले होते,
सगळे मिळून दोन वीत.
हर्षालीनं त्यातला लांबसा उचलला,
पुंगीसारखा तोंडाला लावला, फुंकला.
आवाज नाही आला.
तिनं उलटा करून पायरीवर आपटला,
आणि आतून निघाली
चिमूटभर, भाजून काळी पडलेली रेती.